आत राहणारी गोळी

ऑरिनला मातीत ठेवून आम्ही चर्चच्या तळघरात जेवायला बसलो होतो, तेव्हा वेंडेलने तो विनोद केला. टेबलावर हॅम, बटाट्याचं सॅलड, बीटच्या रसात मुरवलेली लालभडक अंडी मांडलेली होती. वेंडेल म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. कॉफीचा कप हातात घेऊन तो उभा राहिला, ऑरिनबद्दल चार बरे शब्द बोलला आणि शेवटी म्हणाला, "एकच वाईट वाटतं. बिचारा देवापुढे उभा राहणार तो अर्ध्या शर्टानं!"

लोक खो खो हसले. पाद्री हसला. माझी सख्खी बहीणसुद्धा तोंडावर हात धरून हसली. मी वेंडेलकडे बघत बसले आणि मनातल्या मनात म्हटलं, तुला मी सोडणार नाही.

आमच्या शिकारीच्या कॅम्पचा नियम जुना आहे. हरणावर गोळी झाडली आणि हरीण गेलं निघून, किंवा पडलं ते दुसऱ्याच्या गोळीनं, तर संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी त्या माणसाच्या शर्टाचं शेपूट कापायचं. शेपूट म्हणजे आपण पँटमध्ये खोचतो तो मागचा लांब भाग. त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला खिळ्यानं ठोकायचं. त्या भिंतीवर आजोबा-पणजोबांपासूनची शेपटं आहेत, एकेकाची तर चार-चार. ऑरिनचं एकही नव्हतं. पोरवयापासून तो तिथं जात होता आणि दरवर्षी अखंड शर्ट घेऊन घरी येत होता. बढाई मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण मी शर्ट धुवायला टाकताना तो मुद्दाम उलटा करून दाखवायचा आणि गालात हसायचा.

त्याच्या शेवटच्या मोसमात, पहिल्याच सकाळी, वरच्या मचाणावरून त्याने एका मोठ्या नरावर गोळी झाडली. दहा टोकांची शिंगं. नर उतारानं खाली पळाला, ओढ्याच्या बाजूला, जिथं वेंडेल बसतो. मग खालून दोन बार ऐकू आले. ऑरिन खाली पोचेपर्यंत वेंडेलने हरणाच्या कानाला स्वतःच्या शिकार परवान्याचा टॅग बांधला होता आणि पोट फाडून आतडी-फुप्फुसं बाहेर काढून ओढ्यात सोडलीसुद्धा होती. हरणाच्या छातीत आरपार भोक होतं आणि एक गोळी मानेत. वेंडेल म्हणाला, "दोन्ही माझ्याच. तुझी वरून गेली असेल रे, म्हातारा झालास." दोघांच्या रायफली एकाच मापाच्या. छातीतली गोळी पार होऊन कुठल्या झाडात गेली ते कोण शोधणार? ऑरिनने वाद घातला नाही. संध्याकाळी वेंडेलने स्वतःच्या हाताने त्याचं शेपूट कापलं, चांगलं वीतभर, आणि हसत हसत ठोकलं. घरी आल्यावर ऑरिन मला एवढंच म्हणाला, "आर्डिथ, माझी गोळी बरोबर बसली होती." मार्चमध्ये अंगणातलं बर्फ उपसताना तो गेला.

त्याच्यावर बाकी कुणाचा विश्वास होता की नाही, मला माहीत नाही. माझा होता. आमच्या तळघरात काडतुसं भरायचं बाक आहे, तिथं लग्नापासून आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून काडतुसं भरली. तो पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करून दाबयंत्रातून मापात आणायचा, मी छोट्या काट्यावर दारू तोलायची. गोळी कोणती घ्यायची हे मात्र तो ठरवायचा, आणि त्याला मोसमाआधीचा सगळा उन्हाळा लागायचा. गोळी जड हवी, तिच्यावरचं तांब्याचं कवच जाड हवं, शिसं कवचाला धरून राहायला हवं. हाड लागलं तरी फुटायची नाही, पुढून थोडी पसरेल आणि पलीकडून बाहेर पडेल. "दोन भोकं पाहिजेत," म्हणायचा. "दोन्हीकडून रक्त पडलं म्हणजे हरीण सापडतं. उगाच जनावराला रात्रभर तळमळत ठेवायचं नाही."

खात्री करायला तो कोठाराच्या मागे ओल्या वर्तमानपत्रांचा खोका ठेवायचा. त्याच्यापुढे खाटकाकडून आणलेलं गाईच्या पायाचं हाड बांधायचा आणि त्यावर गोळी झाडून बघायचा. हाडाविना केलेली चाचणी त्याला चाचणीच वाटायची नाही.

त्याच्या माघारी मी एकटी त्या बाकावर बसले, आणि मला हवी होती ती गोळी नेमकी उलटी होती. मला आत राहणारी गोळी हवी होती.

माझा हिशोब साधा होता. माझी रायफल पाव इंची गोळीची आहे, वेंडेलची त्याहून मोठ्या गोळीची. पुढून कितीही पसरली तरी गोळीचं बूड मूळच्या मापाचं राहतं. मी ऑरिनच्या मचाणावर बसणार. नराच्या फुप्फुसात गोळी घालणार. फुप्फुसात लागलेलं हरीण जागेवर पडत नाही, पळतं, आणि त्या मचाणावरून पळालं तर खाली वेंडेलकडेच पळतं. वेंडेल त्याच्यावर गोळी झाडणार, टॅग बांधणार, मिशीवर ताव देणार. मग कॅम्पवर सगळ्यांसमोर कातडं काढताना छातीतून माझी गोळी निघणार. ती मी टेबलावर ठेवणार. माझ्या पुंगळीच्या तोंडात चपखल बसेल, वेंडेलच्या पुंगळीत खुळखुळेल. मग विचारणार, आता बोल, गेल्या वर्षीही असंच ना?

खणात गोळ्यांच्या डब्या होत्या. सबंध तांब्याची बघितली. ती तर दोन हरणांतून पार जाईल. ऑरिनची आवडती जड गोळी हातात घेतली आणि परत ठेवली. शेवटी एक हलकी निवडली, पातळ कवचाची, पुढे चिमुकलं प्लॅस्टिकचं टोक असलेली. ती फार वेगात जाते आणि लागल्या लागल्या उमलते. ओल्या वर्तमानपत्रांवर झाडून पाहिली. मधोमध थांबली, बूड शाबूत. मी एकटीच त्या कोठाराच्या मागे टाळ्या पिटल्या. हाड बांधलं नाही. खाटकाकडे जायचं डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात हरीण नव्हतंच. तिथं वेंडेलच होता, सकाळ-संध्याकाळ.

कॅम्प एमेटमामांच्या नावावर आहे. मामा म्हणजे ऑरिनचे सख्खे मामा, ऐंशी उलटलेले, कान जरा जड. तिथं आजवर बाई मुक्कामाला आलेली नव्हती. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, "ऑरिनचा पलंग रिकामा आहे. त्याच्यावर तू झोपायचं नाहीस तर कुणी?"

थँक्सगिव्हिंगचं जेवण उरकून मी निघाले. कॅम्पवर पोचले तेव्हा लाइल चुलीपाशी कांदा परतत होता. लाइल प्लंबर आहे आणि मोसमात सगळ्यांचा आचारी.

"या बाईसाहेब!" तो ओरडला. "आता आम्हाला रोज दात घासायला लागणार का?"

"घासा की. हरणं वासानंच पळत असतील तुमच्या."

वेंडेल आतून आला. त्याने मला मिठी मारली, आणि मीही मारू दिली. त्याच्या खांद्यावरून मला भिंत दिसत होती. मधोमध ती दहा टोकांची शिंगं, खाली पितळी पट्टीवर वेंडेलचं नाव. शेजारी ऑरिनच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचा तुकडा. तो शर्ट मीच घेतला होता त्याला.

"कुठं बसणार?" वेंडेलने विचारलं.

"ऑरिनच्या मचाणावर."

"वा! मी आपला खाली ओढ्याशी. तू वरून हाकल, मी आहेच झेलायला." आणि डोळा मारला.

मनात म्हटलं, झेल बाबा झेल, तेवढ्यासाठीच तर आले आहे.

सकाळी मचाणावर बसले तेव्हा थंडी मी म्हणत होती. अंगात ऑरिनचा जाड लोकरी शर्ट, वरून नारिंगी जाकीट. उजाडल्यावर बीच वृक्षांच्या राईतून दोन माद्या आल्या आणि गेल्या. मग बऱ्याच वेळाने नर आला, आठ टोकांचा, मान खाली घालून त्या झाडांच्या बिया शोधत. खांद्याच्या मागे, जिथं फुप्फुसं असतात, तिथं नेम धरला. त्या क्षणी मला हरीण दिसायला हवं होतं. मला दिसत होतं वेंडेलचं तोंड, टेबलावर गोळी ठेवल्यावर होईल तसं. मी चाप ओढला, आणि तेवढ्यात नर माझ्याकडे वळला.

तो गुडघ्यांवर कोसळला. मग उठला. पुढचा एक पाय खांद्यापासून लोंबत होता. तो तीन पायांवर उड्या घेत उतारानं निघाला आणि मी दुसरी गोळी भरेपर्यंत झुडपांत गेला. खाली जाऊन बघितलं तर चार केस आणि रक्ताचे दोन थेंब, बस्स. पलीकडून गोळी बाहेरच पडली नव्हती, मग रक्ताचा माग कुठून येणार? तिथं ओल्या पाल्यात मी उभी राहिले आणि मला स्वतःची शिसारी आली. ऑरिन असता तर त्याने माझ्या हातातून रायफल काढून घेतली असती.

खालून एक बार ऐकू आला. एकच.

आता खरं सांगते, तो ऐकून मला आनंद झाला. आत्ता शिसारी आलेली बाई मी, पण म्हटलं, अडकला! मी ठेचकाळत, झुडपं बाजूला करत उतरले. वेंडेल हरणाजवळ वाकून टॅग बांधताना दिसणार असं धरूनच चालले होते.

वेंडेल सरळ उभा होता. रायफल झाडाला टेकवलेली, टोपी हातात. बार ऐकून एमेटमामाही काठी टेकत खालच्या वाटेनं आले होते.

"तुझं आहे, आर्डिथ," वेंडेल म्हणाला. "पाय लोंबत होता बिचाऱ्याचा. मला बघवेना, म्हणून मानेत घातली. ये, टॅग बांध."

मी वाकून मानेतलं भोक बघितलं. "तू मारलंस ना?"

"अगं, आधी तुझी लागली, तिनंच ते मेलं असतं, मी नुसतं उरकलं. नियम म्हणजे नियम." मग मामांकडे बघून म्हणाला, "ऑरिनची बायको आहे, मामा. तिला एक जोडी शिंगं तर मिळायला पाहिजेत."

मामांनी मान डोलावली. महिनोन्महिने सापळा रचला आणि हा पठ्ठ्या त्यात पाय घालायचं सोडून मला हार घालत होता. मी टॅग बांधला. का बांधला? अजून मला आशा होती. म्हटलं, छातीतून गोळी निघाली तर निदान एवढं ठरेल की मीच मारलं.

दुपारी कॅम्पच्या अंगणात हरीण टांगलं. या वेळी जंगलात काही काढू नका, इथंच उघडा, असं मीच सांगितलं होतं. लाइलने सुरी चालवली. फुप्फुसं बाहेर आली ती गुलाबी, स्वच्छ, ओरखडासुद्धा नाही. मग त्याने खांद्याचं कातडं मागे ओढलं आणि शीळ घातली. खांद्याच्या सांध्यावर मांसाचा लगदा झाला होता आणि त्यात शिशाचे आणि तांब्याचे बारीक कण, डाळीतल्या खड्यांसारखे. बूड नाही, काही नाही. गोळी हाडावर आपटून फुटली होती, छातीपर्यंत पोचलीच नव्हती.

"हे काय झाडलंस, आर्डिथ? छर्रे?" लाइल म्हणाला.

मामांनी एक कण बोटांत चोळला आणि माझ्याकडे बघितलं. "ही हरणाची गोळी नव्हे. ही शेतात बिळं करणारे ग्राउंडहॉग टिपायची. ऑरिनच्या घरात ही हरणासाठी कुणी भरली?"

"मी," एवढंच म्हटलं.

वेंडेल मध्ये पडला. "जाऊ द्या हो मामा. बायामाणसांना काय कळतंय गोळीतलं. शिकेल हळूहळू."

संध्याकाळी टेबलावर मांसाचा रस्सा, पाव, लोणच्यातली अंडी. लाइलने बिअरचा डबा वर केला. "वेंडेलच्या नावानं! मी असतो तर गपचूप माझा टॅग बांधला असता."

"छे," वेंडेल म्हणाला. तो नेमका त्या दहा टोकांच्या शिंगांखाली बसला होता. "दुसऱ्याच्या हरणावर आपलं नाव लावून काय झोप लागते का?"

हे तो बोलला. त्या शिंगांखाली बसून, माझ्या नवऱ्याच्या शर्टाच्या तुकड्यापासून हातभर अंतरावर, पावाचा घास रश्श्यात बुडवत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी डोकं असं स्वच्छ झालं की मलाच नवल वाटलं. मला गोळी हवी होती कशाला? पुरावा हवा होता कशाला? वेंडेलनेच मला वाट दाखवली होती.

मी उठले, खिळ्यावरची कात्री काढली आणि मामांसमोर ठेवली. ऑरिनच्या शर्टाचं शेपूट पँटमधून बाहेर ओढलं.

"कापा, मामा."

"अगं, काय हे?"

"हरीण वेंडेलचं आहे. माझ्या गोळीनं ते मेलं नसतं. कुठंतरी झुडपात आठवडाभर सडत राहिलं असतं. फुप्फुसं तुम्ही सगळ्यांनी बघितली. टॅग बांधायला नको होता, बांधला. उद्या शिकारखात्याच्या वॉर्डनला मी स्वतः सांगेन. आता कापा."

"ऑरिनचा शर्ट आहे तो," मामा हळूच म्हणाले.

"म्हणूनच."

मामांनी कात्री उचलली आणि कापलं. मी त्यावर माझं नाव आणि साल लिहिलं आणि ऑरिनच्या तुकड्याशेजारी स्वतः ठोकलं. कुणी हसलं नाही. लाइलचा डबा तसाच अर्ध्यावर.

मग मी वेंडेलकडे वळले. "ती गोळी मी हरणासाठी निवडलीच नव्हती. तुझ्यासाठी निवडली होती."

लाइलने खुर्ची मागे सरकवली.

"बस रे, मारायला नव्हे," मी म्हटलं. "पकडायला. मला वाटलं, तू गेल्या वर्षीसारखं माझंही हरीण ढापशील आणि आतून माझी गोळी निघेल. तू नाही ढापलंस. मोठा भला माणूस झालास. त्या नादात मी एका मुक्या जनावराचा पाय मोडला, ते मला जन्मभर पुरेल. पण माझं मी भिंतीवर लावलं, सगळ्यांसमोर. मला त्यासाठी कुणाचा पुरावा लागला नाही." कात्री मी त्याच्या ताटाशी सरकवली. "तुला लागतो का?"

"आर्डिथ, तू दुःखात आहेस—" त्याने सुरुवात केली.

"ती फुप्फुसं कुणी बघितली होती?" मामांनी विचारलं. कान जड असले तरी सगळं ऐकू आलेलं होतं त्यांना. "गेल्या वर्षी. छातीत रक्त साचलेलं दिसलं असतं, तर ती गोळी आधीची हे कळलं असतं. तू जंगलातच साफ करून आणलंस. कधी नव्हे ते इतक्या घाईनं."

वेंडेल मामांकडे बघत राहिला, मग लाइलकडे. लाइल ताटात बघायला लागला.

"ते बसलेलं होतं," वेंडेल शेवटी म्हणाला. आवाज अगदी बारीक. "ओढ्याशी येऊन बसलं. नाकातून फेस येत होता, लाल. मान टाकलेली. एक मानेत घातली, दुसरी नुसतीच हवेत. मी... मला असा नर जन्मात मिळाला नव्हता. ऑरिनला काय, दरवर्षी मिळायचा. म्हटलं, तो काही बोलायचा नाही."

"आणि चर्चमध्ये?" मी विचारलं. "तिथं तर तो बोलूच शकत नव्हता."

मामा उठले, पक्कड घेतली आणि ऑरिनच्या तुकड्याचा खिळा उपटून काढला. तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. मग शिंगांखालची पितळी पट्टीही उचकटली आणि चुलीशेजारच्या राखेच्या बादलीत टाकली.

वेंडेलने कात्री घेतली. शर्ट बाहेर ओढला, मागे हात नेऊन चाचपडत एक बोटभर पट्टी कापली आणि टेबलावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लाइल माझ्याकडे बघत होता, झालं आता, पुरे कर, अशा नजरेनं. मामांचीही तीच नजर होती. मला दया येईल असं त्यांना वाटलं असेल. मी स्वतःच्या मनात शोधली, मला नाही सापडली.

"अजून वर काप," मी म्हटलं. "ऑरिनचं कापताना तुझा हात असा थांबला नव्हता."